परिसराचा नकाशा सगळ्यांनी मिळून कसा करावा: खाडी, नाला, डोंगर जपू पाहणाऱ्या मुंबईकरांसाठी

पूर्व किनाऱ्यावरच्या एका कोळीवाड्यातल्या समाजमंदिरात आम्ही पहिल्यांदा नकाशा जमिनीवर अंथरला. खाडीकाठचा एक लांबलचक पट्टा त्यावर राखाडी होता आणि सूचीत त्या रंगासमोर ‘पडीक’ असं लिहिलं होतं. चहाचे कप बाजूला सरकवत एक मावशी पुढे आल्या, गुडघ्यांवर बसल्या आणि त्या पट्ट्यावर बोट टेकवून म्हणाल्या, “पडीक कोण बोललं? इथंच तर आम्ही चिंबोऱ्या धरतो. भांगाला पाणी इथपर्यंत येत नाय, पण उधाणाला बघ, पार बांधाला लागतं.” (भांग म्हणजे अष्टमीच्या आसपासची लहान भरती, उधाण म्हणजे अमावास्या-पौर्णिमेची मोठी.) मग त्यांनी मार्कर मागून घेतला आणि पाणी कुठपर्यंत येतं ती रेघ स्वतः ओढली.

तो नकाशा मी तीन रात्री जागून केला होता. उपग्रहाची चित्रं ताजी होती, रेषा जुळत होत्या. पण ज्यांचा पाय रोज त्या चिखलात पडतो त्यांना मी काहीच विचारलं नव्हतं. पडीक ठरलेल्या जागेवर उद्या कोणी भराव टाकायचं ठरवलं असतं, तर माझाच नकाशा त्याच्या कामी आला असता. हे लिहितोय ते नवख्या माणसाच्या हातून तसं होऊ नये म्हणून. सॉफ्टवेअर आठवडाभरात हाताला बसतं. एकाच नकाशाभोवती दहा तऱ्हेची माणसं बसवणं याला वेळ लागतो, आणि खरं काम तेच आहे.

आधी हद्द ठरवा, पण वॉर्डाची नको

बहुतेक जण आपल्या वॉर्डाचा नकाशा उघडून सुरुवात करतात. सोयीचं आहे, पण पाण्याला आणि जनावरांना वॉर्ड कळत नाहीत. मिठी नदी विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यातून निघते, साधारण १८ किलोमीटर वाहते आणि माहीमच्या खाडीला मिळते. वाटेत ती किती तरी कार्यालयांच्या हद्दी ओलांडते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा एका ठिकाणी बुजलेल्या पात्राचा त्रास दुसऱ्या ठिकाणच्या वस्त्यांनी भोगला. दहिसर, पोईसर, ओशिवरा या नद्याही संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या आणि आरेच्या उतारांवरूनच खाली येतात. हे उद्यान जेमतेम १०४ चौरस किलोमीटरचं, तरी तेही मुंबई उपनगर आणि ठाणे अशा दोन जिल्ह्यांत पसरलेलं आहे.

म्हणून पहिला प्रश्न हा विचारा: आपल्या दारातलं पाणी येतं कुठून आणि जातं कुठे? एक नाला निवडा, त्याच्या उगमापासून मुखापर्यंत चाला, आणि त्याला दोन्ही बाजूंनी मिळणारे उतार हद्दीत घ्या. पहिल्या वर्षी एवढं पुरे आहे. अख्ख्या मुंबईचा नकाशा करायला निघालेले गट मी पाहिलेत. दुसऱ्या बैठकीला त्यांच्यातले चौघेच उरतात.

माणसं कोणती बोलवायची

यादी करताना ‘या जागेचा उपयोग कोणाला होतो’ असं विचारत जा. खाडीकाठी असाल तर मासेमारी करणारे, चिंबोऱ्या आणि कालवं काढणाऱ्या बायका, कांजूर-भांडुप-मुलुंडच्या बाजूला असाल तर मिठागरांवर काम केलेली जुनी माणसं. डोंगराच्या बाजूला पाड्यांवरचे वारली आणि मल्हार कोळी. त्यांच्या जोडीला सोसायट्यांचे पदाधिकारी, जवळच्या शाळेतले विज्ञानाचे मास्तर किंवा बाई, पक्षी बघणारी पोरं, वॉर्ड ऑफिसमधलं उद्यान खात्याचं कोणी आणि वनरक्षक. वनखात्याचा कांदळवन कक्ष २०१२ पासून आहे. खाडीचं काम असेल तर त्यांना पहिल्याच पत्रात कळवा. नंतर कळवलं तर आपण त्यांच्या पाठीमागे काही करतोय असं त्यांना वाटतं.

पाड्यावर किंवा कोळीवाड्यात बैठक ठेवायची तर आधी तिथल्या वडीलधाऱ्यांना भेटून या, तारीख त्यांच्याकडून घ्या. मासेमारांना उधाणाच्या दिवशी बोलावलं तर कोणी येणार नाही, आणि त्यात त्यांची चूक नाही. हाताशी भरती-ओहोटीचं वेळापत्रक ठेवा. पुढे ते आणखी एका कामाला लागणार आहे.

बैठकीला प्रोजेक्टर नको, हे मी अगदी ठामपणे सांगतो. भिंतीवरच्या नकाशाकडे माणसं हात बांधून बघत बसतात, आणि बोलतं कोण, तर ज्याच्या हातात माउस आहे तो. त्यापेक्षा झेरॉक्सच्या मोठ्या दुकानातून प्लॉटरवर एक-दीड मीटर रुंद छापील नकाशा काढून घ्या, जमिनीवर पसरा, वर बटर पेपर लावा आणि मार्कर वाटा. पावसाळ्यात उघड्यावर बसायचं असेल तर फ्लेक्स बरा. नकाशावर ओळखीच्या खुणा ठळक हव्यात: देऊळ, चर्च, रिक्षा स्टँड, जेटी, शाळा. उत्तर कुठे आहे यावरून माणसं जागा ओळखत नाहीत. ती ओळखतात ‘वडाच्या पुढं, पंपाच्या मागं’ अशी.

पायाचे थर गोळा करा

नकाशा म्हणजे एकावर एक ठेवलेले पारदर्शक कागद असं समजा. सरकारी थर सगळ्यांत आधी लागतात, कारण शेवटी बोलणं त्यांच्याच भाषेत करायचं असतं. मुंबईचा विकास आराखडा २०३४, किनारा क्षेत्र व्यवस्थापन आराखडा, राष्ट्रीय उद्यानाची आणि त्याच्याभोवतीच्या पर्यावरण-संवेदनशील क्षेत्राची हद्द, आणि ठाणे खाडीकाठी असाल तर रोहित पक्षी अभयारण्याची हद्द. हे अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालं, साधारण १७ चौरस किलोमीटरचं आहे, आणि २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला. यातलं बरंचसं पीडीएफ किंवा चित्राच्या रूपात हाती येतं. क्यूजीआयएस या नकाशे करायच्या मोफत प्रोग्राममध्ये त्यावरच्या चार-पाच ओळखीच्या बिंदूंना खरे अक्षांश-रेखांश जोडले की चित्र आपल्या जागी बसतं. रस्त्याचे चौक आणि पुलांची टोकं यासाठी चांगली. झाडं किंवा किनारा घेऊ नका.

रस्ते, ओढे, विहिरी यांसाठी ओपनस्ट्रीटमॅप उघडा. तिथे कोणालाही भर घालता येते आणि मराठी नावासाठी वेगळा रकाना आहे. आपल्या ओढ्याचं गावातलं नाव तिथे घाला. ज्या ओढ्याला नावच नाही तो कागदोपत्री ‘नाला क्रमांक अमुक’ होतो आणि मग गटार होतो. मात्र तिथे डोळ्यांना दिसतं तेवढंच टाका, आपली मतं नाहीत.

आता उपग्रहाची चित्रं. गूगल अर्थ प्रो मोफत आहे आणि त्यात जुन्या वर्षांची चित्रं मागे सरकवत बघता येतात. युरोपच्या सेंटिनेल-२ ची चित्रं २०१५ पासूनची आहेत आणि त्यात एक ठिपका १० मीटरचा असतो. लँडसॅटचा ठिपका ३० मीटरचा, पण त्याचा इतिहास १९७० च्या दशकापर्यंत मागे जातो. दोन्हीही फुकट. १० मीटरच्या ठिपक्यात नाल्याकाठची तिवरांची अरुंद रांग हरवून जाते, तेव्हा ‘चित्रात दिसत नाही म्हणजे तिथे नाही’ असं कधीही लिहू नका.

इथे नवख्यांची हमखास फसगत होते आणि आमचीही झाली. दोन वर्षांची चित्रं शेजारी ठेवली तर एका ठिकाणचा चिखलपट्टा निम्मा दिसेनासा झाला होता. आम्ही घाबरून निवेदनाचा मसुदाही केला. एका मासेमार काकांनी तारखा विचारल्या, वेळापत्रक पाहिलं आणि सांगितलं की पहिलं चित्र ओहोटीचं आहे, दुसरं भरतीचं. चिखल जागच्या जागी होता, वर पाणी होतं एवढंच. ते निवेदन गेलं असतं तर पुढची तीन वर्षं आमचं कोणी ऐकलं नसतं. तेव्हापासून खाडीच्या प्रत्येक चित्राची तारीख आणि वेळ लिहायची आणि त्या वेळी पाणी किती चढलेलं होतं ते शेजारी टाकायचं, हा नियम. डोंगराला असाच नियम ऋतूचा आहे. मे महिन्यात पानगळीचं जंगल बोडकं दिसतं आणि ऑक्टोबरात तेच गच्च हिरवं, म्हणून एकाच महिन्याची चित्रं ताडून बघा. पावसाळ्याची चित्रं बहुतेक ढगांत जातात.

शब्दांचा कागद

हे काम कंटाळवाणं वाटतं, पण यावर एक पूर्ण संध्याकाळ घालवा. नकाशावर जे जे रंग येणार, त्यातल्या प्रत्येकाचा अर्थ दोन ओळींत मराठीत लिहायचा आणि सगळ्यांनी तो मान्य करायचा. खाजण म्हणजे काय? भरतीचं पाणी वर्षातून एकदा जरी चढलं तरी खाजण म्हणायचं का? आरेतल्या गवताळ उताराला ‘मोकळी जागा’ म्हणायचं की ‘कुरण’? सोसायटीतल्या काकांना बाग वाटणारी जागा पाड्यावरच्या दादांना रानभाज्यांची जागा वाटते. दोन्ही खरं असेल तर दोन्ही लिहा, थर वेगळे ठेवा. आमच्या कागदावरून ‘पडीक’ हा शब्दच आम्ही काढून टाकला. त्याऐवजी प्रत्येक जागेपुढे ‘कोण वापरतं’ आणि ‘कोणत्या महिन्यांत’ असे दोन रकाने आले.

पायी फिरून नोंदी

फॉर्म मोबाइलवर करा. कोबो टूलबॉक्स मोफत आहे, मराठीत प्रश्न घालता येतात आणि नेट नसलं तरी नोंद होते. उद्यानाच्या आत रेंज जाते तेव्हा हे फार उपयोगी पडतं. क्यूजीआयएसचा नकाशाच खिशात न्यायचा असेल तर क्यूफील्ड हे मोबाइल अॅप आहे. प्रश्न दहाच्या वर नकोत: काय दिसलं, कुठे, केव्हा, फोटो, पाणी होतं का, कोण वापरतं, काय धोका दिसतो, नोंद कोणी केली. दाट झाडीत फोनचं जीपीएस काही मीटर चुकतं, म्हणून जवळची पक्की खूण शब्दांत लिहून ठेवा.

पक्ष्यांसाठी ईबर्ड आणि बाकी जीवांसाठी आयनॅचरलिस्ट ही नोंदींची संकेतस्थळं वापरली तर ओळख पटवायला जाणकार मदत करतात आणि नोंद तुमच्या गटापुरती राहत नाही. संकटग्रस्त प्राण्यांची नेमकी जागा आयनॅचरलिस्ट आपणहून झाकतं. तुमच्या स्वतःच्या नकाशावर मात्र ते तुम्हालाच करावं लागतं. बिबट्याची गुहा, घुबडाचं घरटं, विकली जाणारी वनस्पती, यांचा बिंदू सार्वजनिक नकाशावर कधीही टाकू नका. हेच पाड्यांच्या घरांना लागू आहे. एखाद्या कुटुंबाचं घर, शेताचा तुकडा किंवा वाघोबाचं ठाणं नकाशावर टाकायच्या आधी त्यांना विचारा, आणि ‘नको’ म्हणाले तर कारण न विचारता काढा. त्यांच्या राहण्याच्या हक्काचे प्रश्न वर्षानुवर्षं चालू आहेत. आपल्या एका बिंदूने त्यांचं नुकसान होऊ शकतं.

सगळं एका जागी आणणं

तांत्रिक गोष्टी थोडक्यात सांगतो, कारण त्या शिकवणारे व्हिडिओ भरपूर आहेत. मुंबईसाठी क्यूजीआयएसमध्ये ‘डब्ल्यूजीएस ८४, यूटीएम झोन ४३ उत्तर’ ही प्रणाली घ्या, तिचा क्रमांक ३२६४३. म्हणजे अंतर आणि क्षेत्रफळ थेट मीटरमध्ये मिळतं. फाइल जिओपॅकेज प्रकारात ठेवा. जुन्या शेपफाइलमध्ये रकान्याच्या नावाला दहाच बाइट मिळतात आणि देवनागरीचं एक अक्षर तीन बाइट खातं, त्यामुळे ‘वापरकर्ते’चं ‘वाप’ होऊन बसतं.

मूळ फाइल एकाच व्यक्तीकडे असू द्या. बाकीच्यांनी आपापले बदल वेगळे पाठवायचे आणि त्या व्यक्तीने आठवड्यातून एकदा ते जोडायचे. शेजारी एक साधी वही किंवा सामायिक शीट: तारीख, कोणी, काय बदललं, का. आम्ही सुरुवातीला फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवली आणि पंधरा दिवसांत तिच्या सात आवृत्त्या झाल्या. मावशींनी ओढलेली उधाणाची रेघ त्यातल्या दोनांतच होती. ती परत मिळाली ती बटर पेपर जपून ठेवला होता म्हणून. सगळ्यांना बघायला सोपा नकाशा हवा असेल तर यूमॅप या संकेतस्थळावर प्रत काढा. त्यात बदल करण्याची मुभा मात्र मोजक्यांनाच द्या.

आधी काय जपायचं: टिकल्या आणि मग गणित

नकाशा भरला की प्रश्न उभा राहतो की सगळं तर एकदम वाचवता येणार नाही, मग आधी काय? इथे आम्ही टिकल्यांची पाकिटं आणतो. प्रत्येकाला पाच टिकल्या, गटागटाला वेगळा रंग: मासेमारांना लाल, सोसायटीवाल्यांना हिरव्या, शाळेतल्या मुलांना पिवळ्या. जिथे नुकसान झालं तर आपलं सगळ्यात जास्त बिघडेल तिथे लावायच्या. अर्ध्या तासात दिसतं की कुठे तिन्ही रंगांची गर्दी आहे आणि कुठे एकच रंग एकटा आहे. गर्दीच्या जागी कामाला लागायचं. एकट्या रंगाच्या जागी थांबून ऐकायचं. एकदा एका ओसाड दिसणाऱ्या डबक्यावर फक्त पिवळ्या टिकल्या होत्या. पोरांनी सांगितलं, तिथे पहिल्या पावसात बेडूक इतके ओरडतात की वर्गात शिकवणं ऐकू येत नाही. मोठ्यांपैकी कोणालाही ते डबकं माहीतच नव्हतं.

मोठ्या प्रदेशासाठी हेच काम करणारे प्रोग्राम आहेत. मार्क्सन हा ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँड विद्यापीठात घडला, झोनेशन हेलसिंकीत. मार्क्सनला तुम्ही दोन गोष्टी सांगता: प्रत्येक प्रकारच्या अधिवासाचा किती हिस्सा राखायचा, आणि जमिनीचा प्रत्येक तुकडा राखायला किती किंमत पडेल. मग तो सगळी उद्दिष्टं कमीत कमी किमतीत पुरी करणारे तुकड्यांचे वेगवेगळे संच शोधून देतो. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफ या प्रवाळांच्या सागरी उद्यानाची फेरआखणी २००४ मध्ये अमलात आली, तेव्हा त्याची मदत घेतली गेली आणि मासेमारीला पूर्ण बंदी असलेला भाग पाच टक्क्यांहून कमी होता तो सुमारे तेहतीस टक्क्यांवर गेला. पण त्याच वेळी लोकांकडून ३१ हजारांहून अधिक लेखी सूचना आल्या होत्या आणि हद्दी त्यानुसार हलवल्या गेल्या, हे लोक विसरतात.

या गणितात एक धोका आहे. ज्या तुकड्याची किंमत तुम्ही भरली नाही, तो प्रोग्रामला फुकटचा दिसतो. मावशींच्या चिंबोऱ्यांची जागा ‘किंमत शून्य’ म्हणून आत गेली, तर मार्क्सन तो तुकडा बिनदिक्कत बंद करायला सांगेल आणि वर तो उत्तम पर्याय म्हणून दाखवेल. म्हणून ‘कोण वापरतं, कोणत्या महिन्यांत’ हे रकाने भरल्याशिवाय या प्रोग्रामांना हात लावू नका. एका नाल्याएवढ्या कामाला तर ते लागतही नाहीत. टिकल्या पुरतात.

कार्यालयात नेताना

नकाशा सरकारदरबारी चालायचा तर प्रत्येक जागेपुढे तिचा नगर भूमापन क्रमांक आणि गावाचं जुनं महसुली नाव हवं. ‘वडाच्या पुढं’ तिथे चालत नाही. जोडीला त्या जागेला आधीच लागू असलेला नियम लिहा. कांदळवन २०१९ च्या सागरी किनारा नियमन अधिसूचनेनुसार सीआरझेड-१अ या पर्यावरणदृष्ट्या सर्वांत नाजूक वर्गात येतं, आणि ते एक हजार चौरस मीटरहून मोठं असेल तर भोवती ५० मीटरचा राखीव पट्टा असतो. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये कांदळवनांच्या नासधुशीला मनाई केली आहे. जमीन खासगी आहे असं कोणी म्हणालं तरी ही मनाई उठत नाही.

वेळ साधणं महत्त्वाचं. विकास आराखड्याचा मसुदा निघाला की ठरावीक मुदतीत सूचना-हरकती घेतात. पर्यावरण-संवेदनशील क्षेत्राच्या मसुद्याला ६० दिवस मिळतात. मुदत सुरू झाल्यावर नकाशा करायला बसलात तर उशीर झालेला असतो. २०१५ मध्ये मुंबईच्या आराखड्याचा पहिला मसुदा आला, तेव्हा ज्यांनी आधीच गल्लीबोळ फिरून नोंदी केल्या होत्या त्यांच्या हरकती नेमक्या होत्या. हजारो हरकतींनंतर त्या मसुद्याच्या फेरतपासणीचा आदेश निघाला, २०१६ मध्ये सुधारित मसुदा आला आणि २०१८ मध्ये मंजुरी. एका हरकतीत एकच जागा, एकच मागणी, एक नकाशा, दोन फोटो एवढं ठेवा. आणि पोच घ्या, शिक्क्यासकट.

मुदत नसताना वापरायची वाट म्हणजे लोक जैवविविधता नोंदवही, म्हणजे परिसरातल्या जीवांची आणि त्यांच्या जागांची अधिकृत नोंद. जैविक विविधता कायदा २००२ नुसार प्रत्येक स्थानिक संस्थेला जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमून अशी नोंदवही करावी लागते. तुमच्या नोंदी समितीला लेखी द्या. त्या वहीत चढलेलं डबकं पुढे ‘नव्हतंच’ असं म्हणणं कोणालाही अवघड जातं.

वर्षातून दोनदा

नकाशा मे महिन्यात एकदा आणि दिवाळीनंतर एकदा ताजा करा, त्याच वाटेने चालून, त्याच जागी उभं राहून फोटो काढून. पासवर्ड किमान तिघांकडे असू द्या, त्यातली एक व्यक्ती पंचविशीच्या आतली. छापील नकाशाच्या कोपऱ्यात तारीख आणि हजर असलेल्यांची नावं त्यांच्या परवानगीने लिहा. जुने बटर पेपर गुंडाळून, नळीत घालून कोरड्या जागी ठेवा. आमची नळी समाजमंदिराच्या कपाटात आहे आणि किल्ली मावशींकडे. पुढची बैठक भांगाच्या दिवशी ठेवली आहे, तारीख त्यांनीच दिली.